पुड्यावरचे रान

खाद्यपदार्थाच्या पुड्यावर छापलेला मजकूर साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा अशा योग्यतेचा असतो काय? आमच्या मते असतो. जाहिरातीची भाषा, वृत्तपत्रांचे मथळे, शासकीय परिपत्रके यांची चिकित्सा आपल्याकडील समीक्षेने अधूनमधून केलेली आहे. परंतु शहरी मध्यमवर्गाच्या घरात रोज येणारा आणि तरीही कुणीच लक्षपूर्वक न वाचणारा असा आजचा गद्यप्रकार म्हणजे पुड्यावरचा हा चार-सहा ओळींचा मजकूर होय. गेल्या काही वर्षांत त्याला एक ठरीव घाट आलेला दिसतो. आरंभी ‘गुर्मे’ हा शब्द, त्यानंतर एखादी दूरदेशीची चव (पेरी पेरी, वसाबी, थाई चिली, मेक्सिकन साल्सा), मग ‘शंभर टक्के नैसर्गिक घटक’ ही ग्वाही आणि अखेरीस आजीच्या हाताची किंवा अस्पर्श जंगलाची आठवण जागवणारी एक हळवी ओळ. मिथिलेच्या तळ्यांत बुड्या मारून मल्लाह लोक जे मखान्याचे बी वर काढतात त्याचा लाहीसारखा फुललेला दाणा आज या साच्यात चपखल बसलेला आहे. ‘मिथिला मखाना’ या नावाला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पेरी पेरीच्या लाल पुड्यावर त्या बुडीचा उल्लेख सहसा आढळत नाही.

मखान्याचे जे झाले तेच आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमेव्याचे होऊ घातले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. मोहफुलांचे लाडू, सरबत, जॅम आणि बिस्किटे बचत गटांच्या प्रदर्शनांतून दिसू लागली आहेत. २०१८ पासून केंद्र शासनाच्या वनधन योजनेने गौण वनोपजावर प्रक्रिया करून ते बाजारात न्यावे असा आग्रह धरला आहे. २०२१ साली छत्तीसगडच्या जंगलातील वाळवलेली मोहफुले फ्रान्सला रवाना झाली, तेव्हा त्याची बातमी झाली. या घडामोडींचे आम्ही स्वागतच करतो. वर्षानुवर्षे कवडीमोलाने गेलेल्या वस्तूला किंमत येत असेल, तर तिच्याकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. रानातला पदार्थ पुड्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर आत काय जाते आणि बाहेर काय राहते? आमचे म्हणणे असे की, वस्तू आत जाते. तिचे नाव, तिची भाषा आणि ती वेचणारे हात बाहेर राहतात.

आधी ‘गुर्मे’ या शब्दाकडे पाहू. हा फ्रेंच शब्द मूळचा मद्याच्या व्यवहारातला. मद्याची पारख करणारा, चव घेऊन त्याचा दर्जा सांगणारा तो ‘गुर्मे’. पुढे तो कोणत्याही उत्तम खाद्याच्या जाणकाराला लागू झाला आणि आता तर जाणकाराला सोडून खुद्द पदार्थालाच विशेषण म्हणून चिकटला. या प्रवासात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे पारखण्याची क्रिया. पूर्वी माणूस गुर्मे होता, त्याला चवीचे शिक्षण घ्यावे लागे. आता पुडा विकत घेतला की काम भागते. मराठीत आपण ‘चोखंदळ’ म्हणतो, ‘खवय्या’ म्हणतो, आणि हे दोन्ही शब्द माणसासाठी राखून ठेवतो. चोखंदळ शेव किंवा खवय्या चिवडा असे आपण म्हणत नाही. शिवाय ‘रस’ आणि ‘आस्वाद’ हे शब्द आपल्याकडे पानात वाढलेल्या अन्नाला आणि पानावर लिहिलेल्या कवितेला सारखेच लागतात. ज्या परंपरेत समीक्षेला ‘आस्वाद’ हे नाव शोभते, त्या परंपरेतील वाचकाने चवीच्या भाषेबाबत बेफिकीर राहावे हे काही बरे नाही.

रानातले अन्न शहराच्या ताटात येणे ही गोष्ट मात्र मुळीच नवी नाही. चारोळीचेच पाहा. श्रीखंडावर, बासुंदीत, खिरीत चारोळी हवीच, असा मराठी सणावाराचा दंडक आहे. विदर्भापासून बस्तरपर्यंतच्या पानगळीच्या जंगलात ‘चार’ नावाचे झाड वाढते; त्याची आंबटगोड काळी-जांभळी फळे उन्हाळ्यात पिकतात. ती वेचायची, गर धुऊन काढायचा, आतल्या कठीण बिया वाळवायच्या, मग दगडाने किंवा जात्यावर हलक्या हाताने अशा भरडायच्या की कवच फुटेल पण दाणा अखंड राहील, आणि पाखडून दाणा वेगळा करायचा. एवढे सव्यापसव्य झाल्यावर मूठभर चारोळी हाती येते. शहरात ती आज किलोला हजार रुपयांच्या वर विकली जाते. या पट्ट्यातल्या आठवडी बाजारांत चारोळीच्या मापाच्या बदल्यात मिठाचे माप घातले जाई, ही देवघेव जुन्या पिढीला पुरती ठाऊक आहे.

म्हणजे ‘नैसर्गिक घटकांचा उंची पदार्थ’ हा प्रकार मराठी स्वयंपाकघराने फार पूर्वीच आत्मसात केला होता. मात्र श्रीखंड खाताना चाराच्या झाडाची आठवण आपल्याला कधी झाली नाही. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत चारोळी ‘आवडीप्रमाणे’ घालावयाची असते, ती येते कुठून हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. आता तर मराठीच्या विद्यार्थ्यापुढे ‘चारोळी’ हा शब्द उच्चारला तर त्याला आधी चार ओळींची कविता आठवते. दोन शब्दांच्या व्युत्पत्ती निराळ्या, योगायोगाने त्यांचे रूप एक झाले, हे खरे. तरीही एका चारोळीने दुसरीला आपल्या स्मरणातून इतक्या सहजी हुसकावून लावावे, यावरून पहिलीची मुळे आपल्या मनात किती वरवर रुजली होती तेच दिसते.

दुसरे उदाहरण नावाचेच आहे, आणि तेही चंद्रपूर जिल्ह्यातलेच. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या निवडून काढल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या आणि त्यांतून बारीक, चवदार तांदळाचा वाण सिद्ध केला. त्या काळी एचएमटी कंपनीचे घड्याळ हातावर असणे ही मिरवण्याची गोष्ट होती, म्हणून वाणालाही ‘एचएमटी’ हेच नाव पडले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. आज या तांदळाचे नाव अनेक राज्यांतील दुकानांत पोत्यांवर छापलेले दिसते. तांदूळ उत्तम, नाव घड्याळाचे, आणि शोधकर्त्याच्या गावाचा पोत्यावर मागमूस नाही. घड्याळाचे नाव लोकांनीच हौसेने दिले होते, त्यात कुणाचे कारस्थान नव्हते. पण आपल्या हातून घडलेल्या वस्तूला आपले नाव देण्याइतका आत्मविश्वास एका समाजाला वाटू नये, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करावयाचा नाही तर कुणी?

मोहाकडे वळल्यावर हा नावाचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण मोहाची नावे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक दुसऱ्यांनी ठेवलेली आहेत. संस्कृतात तो मधूक. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त गोदेच्या काठच्या झाडीतला मोह फुलांनी ओथंबून उभा आहे. मराठीच्या वाङ्मयेतिहासाचा आरंभ जिथे आपण शोधतो तिथेच हे झाड आहे, आणि तिथून खाली वाहत आलेली गोदावरी सिरोंच्याजवळ प्राणहितेला कवेत घेते, त्या संगमाच्या दोन्ही अंगांनाही आहे. तेलुगूत ते इप्प, तमिळात इलुप्पै. गोंडीतील त्याचे नाव याच कुळातले आहे. इतके जुने गणगोत असलेल्या या फुलाला आधुनिक कायद्याने मात्र एकाच नावाने ओळखले, आणि ते नाव म्हणजे दारू. मुंबई सरकारने १८९२ साली मोहफुलांसाठी म्हणून एक स्वतंत्र कायदा केला. पुढे विदर्भालाही लागू झालेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांवरच्या निर्बंधांची वेगळी तरतूद राहिली. फूल झाडावर असेतो निसर्ग, टोपलीत आले की मुद्देमाल! हे निर्बंध महाराष्ट्र शासनाने सैल केले ते २०२१ साली.

इथे घाईने एक सोपी कथा रचण्याचा मोह होतो, की आदिवासींचे निष्पाप फूल आणि त्याच्यावर उठलेला दुष्ट कायदा. ती कथा अपुरी आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती या जिल्ह्यातल्या लोकांच्याच, त्यातही बायकांच्या, आंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली त्यामागेही बायकांचे मोर्चे होते, आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली तेव्हा दुःखी झालेल्यांतही त्याच होत्या. घरातला पैसा आणि पाठीवरचा मार यांचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापुढे मद्याच्या सांस्कृतिक वारशाविषयी जपूनच बोलावे. पण याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ हा किताब देण्याचे धोरण आले. तीच आंबवण, तेच ऊर्ध्वपातन. पत्र्याच्या डब्यातून आली की ‘हातभट्टी’, काचेच्या नक्षीदार बाटलीतून आली की ‘हेरिटेज’. शब्दशक्तीचे याहून चांगले उदाहरण वर्गात शिकवायला मिळणे कठीण. मोहाचे फूल भट्टीऐवजी लाडवात जावे ही इच्छा म्हणूनच आम्हांला केवळ बाजाराची वाटत नाही. ती त्या बायकांचीही असू शकते.

आणि लाडू ही काही शहराने शिकवलेली गोष्ट नव्हे. वाळलेली मोहफुले भाजायची, तीळ किंवा जवस भाजून त्यांच्यासोबत कुटायचे आणि मुठीने वळायचे, ही मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यातली जुनी रीत. फुलात मुळातच साखर भरपूर, म्हणून गूळही थोडा पुरतो. खजूर आणि जवसाचे गोळे ‘एनर्जी’ या विशेषणासह शहरात विकले जातात त्यांच्या आधी कित्येक पिढ्या हा पदार्थ रानात जाणाऱ्याच्या शिदोरीत होता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी मोहाची नोंद केली ती बहुधा दुष्काळातले अन्न म्हणून. तेव्हापासून ‘मोह खाणारा तो दरिद्री’ ही समजूत इतकी पक्की झाली की, शाळेत गेलेल्या मुलाला घरच्या मोहाची लाज वाटावी. तेच फूल उद्या सोनेरी पुड्यातून ‘सुपरफूड’ होऊन परत आले तर त्या मुलाने काय समजावे? त्याच्या आईचे अन्न तेव्हा वाईट होते की आता चांगले झाले?

‘नैसर्गिक’ हा शब्द आम्हांला सर्वांत अधिक खटकतो तो याच कारणाने. पुड्यावर त्याचा अर्थ ‘रसायनविरहित’ एवढाच असतो हे आम्ही जाणतो. परंतु त्याची छाया अशी पडते की, जणू ही वस्तू माणसाच्या श्रमाविना, आपोआप, रानातून चालत आली. वस्तुतः फाल्गुन-चैत्रात मोह पहाटे गळतो. फुले दव सुकण्याआधी, माकडे नि गुरे येण्याआधी वेचावी लागतात, म्हणून अख्खे घर अंधारात निघते. प्रत्येक फूल वाकून उचलायचे असते. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही, म्हणून तो जाळतात, आणि त्या आगीतून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला न लागता मिळते, वणवाही टळतो, पण जाळीला आगाऊ पैसा लागतो. चारोळीचे तसेच. दुसऱ्याने आधी नेऊ नये म्हणून फळ कोवळे असतानाच ओरबाडले जाते, प्रसंगी फांद्याच तोडल्या जातात, आणि झाड मरते. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतो तो श्रम, भांडवल, स्पर्धा आणि भूक यांनी विणलेला व्यवहार आहे. तो व्यवहार सुधारायचा तर आधी तो दिसला पाहिजे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमका तोच झाकतो.

हे नाते दिसण्याची वाट मराठी साहित्यात आहे. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायकांशी झाडांविषयी झालेल्या बोलण्यातून उभे राहिले. ‘गोईण’ म्हणजे मैत्रीण. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातली नोकरी करता करता अरण्यातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि ते मराठीच्या पदरात घातले. या लेखनात झाड, बाई आणि शब्द यांची फारकत होत नाही. पुड्यावरच्या गद्यात ती होते.

आता ‘परदेशी चवी’विषयी. आम्ही शुद्धतेचे कैवारी नाही, आणि मराठी स्वयंपाकघरात शुद्धतेला मुळातच जागा नाही. आपल्या उपवासाच्या फराळातला साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, त्यातला बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सगळे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले. हे परदेशी पाहुणे आपल्याकडे एकादशीला चालतात आणि गोदातीरीचा मोह चालत नाही, ही मौज आहे. तेव्हा मोहाच्या बिस्किटात कुणी दालचिनी किंवा कोको घातला तर आमची तक्रार नाही. चवी प्रवास करतात, त्यांना पारपत्र लागत नाही. तक्रार आहे ती या प्रवासातल्या असमानतेची. पेरी पेरीचे नाव पेरी पेरीच राहते, वसाबीचे वसाबी. आपला ग्राहक ते शब्द शिकतो, अचूक उच्चारतो. मात्र बांबूच्या कोवळ्या कोंबांना चंद्रपूर-गडचिरोलीत ‘वास्ते’ म्हणतात, पावसाळ्यात वारुळाशी उगवणाऱ्या अळंबीला ‘सात्या’ म्हणतात, हे शब्द शिकावेत असे त्याला कुणी सुचवत नाही. त्याच्यासाठी ते ‘बॅम्बू शूट’ आणि ‘वाइल्ड मशरूम’ असतात. ओडिशातील मयूरभंजच्या लोकांनी लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळवले ते ‘काय चटणी’ या आपल्या नावासकट. नाव न सोडताही बाजारात जाता येते, एवढा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

यावर एक रोखठोक आक्षेप येईल, आणि तो यावाच. नावाने पोट भरते काय? बचत गटातल्या बाईला चार पैसे मिळत असतील तर तुमच्या शब्दचिकित्सेचे तिला काय? उत्तर असे की, नाव आणि मालकी यांचा संबंध आम्ही कल्पिलेला नाही, तो व्यवहारातला आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या ‘कुपुआसू’ या फळाचे नाव एका जपानी कंपनीने १९९८ साली स्वतःचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. ब्राझीलमधील संघटना लढल्या तेव्हा कुठे २००४ साली ती नोंद रद्द झाली. दुसऱ्या बाजूने पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ते परंपरेने गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्या परवान्यावर ग्रामसभेचे नाव होते. हा कागद कवितेपेक्षा कमी महत्त्वाचा मजकूर होता असे आम्ही मानत नाही. कायद्याने जी मालकी मान्य केली ती पुड्यावरून मात्र पुसली गेली, तर ग्रामसभा पुन्हा एकदा केवळ ‘कच्च्या मालाचा स्रोत’ होते, आणि स्रोताला भाव ठरवता येत नाही.

मग करावे काय? कारखानदाराला उपदेश करणे आमच्या आवाक्याबाहेरचे, आमच्या वाचकांपैकी बहुतेक मराठी शिकणारे आणि शिकवणारे आहेत. त्यांच्यासाठी एक लहानसे, करता येण्याजोगे काम आम्ही सुचवतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत उभे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतून झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू बोलणारी मुले मराठीच्या वर्गात बसतात. त्यांना प्रकल्पासाठी पुन्हा एकदा शहरी कादंबरीतील स्त्रीचित्रण देण्याऐवजी, आपापल्या घरी मार्चपासून जूनपर्यंत रानातून काय काय येते, त्याला काय म्हणतात, ते कोण वेचते, कसे टिकवतात, कुणाला विकतात आणि घरी किती ठेवतात, हे लिहून आणायला सांगावे. मोहाच्या बीला कुठे टोळ म्हणतात, कुठे टोरी, एवढी नोंदही मोलाची. असा कोश तालुक्यातालुक्यातून तयार झाला तर उद्या पुडा छापणाऱ्या बचत गटाला शब्दांसाठी शहरातल्या जाहिरात लेखकाकडे जावे लागणार नाही.

त्या पुड्यावर काय छापावे, तेही सांगून टाकतो. घटक: मोहफूल, तीळ, गूळ. वेचले: अमुक ग्रामसभेच्या जंगलात, चैत्रात, जाळी बांधून. पुढे गावाचे नाव, गोंडीतले फुलाचे नाव आणि ते मराठीत कसे उच्चारायचे ते. ‘नैसर्गिक’ हा शब्द मग छापला नाही तरी चालेल.